शेपटी कोणी तोडली?

पूर्वी वेत्रवती नगरीवर सुयाम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व डुकरे पाळणाऱ्या एका कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव पालित. आईबाप गेल्यावर तो राजाच्या वराहशाळेत कामाला लागला. आवार झाडणे आणि आजारी डुकराजवळ बसणे ही त्याची कामे. गोष्ट त्याचीच आहे. पण ती नीट कळायची तर आधी त्याच्या धन्याकडे पाहावे लागेल, कारण झोप उडाली होती ती धन्याची.

वराहशाळेच्या त्या अध्यक्षाचे नाव होते निःशंक. आईबापांनी कोणत्या भरवशावर हे नाव ठेवले कोण जाणे. ज्याची शंका येणार नाही अशी एकही गोष्ट या माणसाला त्रिभुवनात दिसत नसे. कोणी वाटेत ‘बरे आहात ना’ म्हणून विचारले, तर याने असे का विचारले असावे, याचा विचार तो घरी पोचेपर्यंत करी. दुरून कोणी हसला तर तो आपल्याला हसला. जवळ येऊन हसला तर काहीतरी मागायला आला. बायकोच्या हातून कालवणात मीठ जास्त पडले, तर त्यातही त्याला सासुरवाडीचा डाव दिसे. कामाला मात्र तो चोख होता. त्याची उमेदीची वर्षे सगळी हत्तीशाळेत गेली होती आणि तिथल्या टापटिपीचे बक्षीस म्हणूनच राजाने त्याला इकडे नेमले होते. डुकरांशी त्याचा संबंध आला तो केस पिकल्यावर.

त्या वर्षी राजाने डोंगरापलीकडच्या रानात राहणाऱ्या आटविकांशी संधी, म्हणजे तह, केला. नदी ओलांडायच्या उतारावरून दोन्हीकडची माणसे पिढ्यान् पिढ्या भांडत आली होती. आटविकांच्या ध्वजावर वराह असे, म्हणून कार्तिकी पौर्णिमेला सुयामाने त्यांना पन्नास डुकरे भेट द्यावीत, त्यांनी ती आपल्या रानात सोडावीत आणि भांडण मिटवावे, असे ठरले. डुकरे अव्यंग हवीत, म्हणजे कान, खूर, शेपटी, कशातच उणे नको, अशी अट होती.

निःशंकाने विचार केला, की परक्या राजासमोर ही चिखलात लोळणारी जनावरे उभी करायची म्हणजे नगरीचे नाक कापून घेणे. त्याने एक नवे आवार बांधून घेतले. चारी बाजूंना उंच भिंत, खाली काळ्या दगडाची फरशी. फरशी अशी गुळगुळीत, की वाढून जेवावे. दिवसातून तीनदा झाडायचे, पेंढ्याची एक काडी आत दिसता कामा नये, असा हुकूम होता. पन्नास निवडक डुकरे आत गेली आणि दाटीवाटीने उभी राहिली.

आठ-दहा दिवसांत एक गोष्ट झाली. डुकरांच्या एरवी वर वळलेल्या शेपट्या सरळ खाली लोंबू लागल्या. निःशंकाला हत्ती ठाऊक, आणि हत्तीची शेपटी सरळच असते. त्याला वाटले, आपल्या शिस्तीला फळ आले. त्याने अमात्यांना मुद्दाम बोलावून दाखवले, “पाहा, आधी कशा वेड्यावाकड्या असायच्या. आता सगळ्या एका ओळीत!” अमात्य खूश झाले. डुकरातले त्यांनाही काही कळत नव्हते. त्यांनी आटविकांच्या वृद्ध राजालाही एक दिवस भिंतीवरून डुकरे दाखवली. तो काही बोलला नाही.

“धनी, थोडा पेंढा टाकू का आत?” असे पालिताने एकदा विचारले.

“का? घाण करायचीय?” निःशंक म्हणाला. पालित गप्प झाला. हा गप्प का झाला, हे निःशंकाने मनात टिपून ठेवले.

मग एका सकाळी फरशीवर रक्त दिसले. एका डुकराच्या शेपटीचा शेंडा तुटला होता. निःशंकाने सगळे आवार पालथे घातले, पण तुटलेला शेंडा कुठेच सापडला नाही. मग मात्र त्याच्या मनात पाल चुकचुकली. शेपटी अडकून तुटली असती तर तुकडा तिथेच पडला असता. तुकडा नाही, अर्थात तो कोणीतरी नेला. डुकराच्या शेपटीचा शेंडा नेऊन माणूस करील काय? एक तर करणी, नाही तर संधी मोडण्याचा डाव. दुसऱ्या दिवशी आणखी एक शेपटी गेली, आणि मग दोन दिवसांआड कोणाची ना कोणाची जातच राहिली. तुकडा एकाही शेपटीचा मिळाला नाही.

बातमी राजाच्या कानावर गेली. राजाचा निरोप घेऊन अमात्य आले. निरोप थोडक्यात होता. पौर्णिमेला अपराधी हजर करायचा, म्हणजे त्याचा उजवा हात कोपरापासून तोडला जाईल. अपराधी सापडला नाही, तर वराहशाळेच्या अध्यक्षाचा हात तोडला जाईल.

पौर्णिमेला नऊ दिवस उरले होते. निःशंकाच्या तोंडचे पाणी पळाले. जेवताना घास तोंडाशी आला की त्याची नजर आपल्या हातावर जाई आणि घास तसाच राही. हत्तीला अंकुश लावलेला हात तो, लेकीच्या लग्नात पाणी सोडलेला हात. तो वाचवायचा तर दुसरा कोणाचा तरी शोधायला हवा होता.

वराहशाळेत पालिताखेरीज दोनच माणसे होती. मल्लक नावाचा म्हातारा डुकरांचे खाणे शिजवी आणि वेणुका नावाची विधवा बाई पाणी भरी, गवत आणी. निःशंकाने एकेकाला वेगळे बोलावले.

“मी कुणाचं वाईट चिंतत नाही, धनी,” मल्लक म्हणाला. “पण वेणुकेच्या कमरेला कोयती असते. ती काय शोभेला लावलीय?”

वेणुका म्हणाली, “गवत काय दातांनी कापू? कोयती असायचीच. त्या थेरड्याला विचारा ना, कढईवर वाकून रोज काय पुटपुटतो ते! मंत्र म्हणतो, मंत्र. मी माझ्या कानांनी ऐकलंय.”

मल्लक पुटपुटत असे ते आपल्या गुडघ्याला शिव्या देत असे, हे तिला बारा वर्षे माहीत होते. पण भीती शिरली की माहीत असलेलेही माणूस विसरतो. बारा वर्षे ही दोघे एका झाडाखाली बसून शिदोरी खात आली होती. त्या दिवसापासून एक या टोकाला, एक त्या टोकाला बसू लागले, आणि आपापले भांडे फडक्याने झाकून ठेवू लागले.

शेवटी पालिताला बोलावले. “तुझा कुणावर संशय आहे?”

“कुणावर नाही, धनी.”

निःशंकाला एकदम हायसे वाटले. ज्याला कोणाचाच संशय येत नाही, त्याच्यावरच संशय घ्यायला हवा, हे त्याला अगदी स्वच्छ दिसले. शिवाय हा नवा, नात्यागोत्याचे कोणी नाही, त्याचा हात गेला तर रडणारे कोणी नाही. हा शेवटचा विचार त्याने फार वेळ मनात ठेवला नाही. पण तो आला होता, हे खरे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मल्लक आणि वेणुका सावलीला गेली असताना, निःशंक कोंड्याच्या ढिगामागे दबा धरून बसला. थोड्या वेळाने पालित आला. त्याच्या उपरण्याखाली काहीतरी फुगलेले होते. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि भिंतीतल्या मोरीपाशी उकिडवा बसून तो डुकरांच्या मागच्या बाजूंकडे टक लावून पाहत राहिला. ओठ हलत होते. मग त्याने उपरण्याखालून काहीतरी काढले आणि मोरीतून आत सारले. आतली डुकरे धावली.

निःशंक उडी मारूनच बाहेर आला. “सापडलास!”

पालित दचकला, पण पळाला नाही. निःशंकाने त्याचे उपरणे ओढले. आतून मुळ्यांसकट उपटलेले मातीचे ढेकूळ, कुजक्या लाकडाचा तुकडा आणि मूठभर पेंढा एवढे खाली पडले.

“विष आहे हे!”

“लव्हाळ्याचे कंद आहेत, धनी. रानडुकरं उकरून खातात ते.” पालिताने एक कंद धोतराला पुसला आणि चावून खाल्ला. निःशंक तो कोसळण्याची वाट पाहत उभा राहिला. पालित कोसळला नाही. निःशंकाच्या मनात आले, याने आधीच उतारा घेतलेला दिसतो.

“मघाशी पुटपुटत काय होतास?”

“शेपट्या मोजत होतो. किती खाली आहेत आणि किती वर, ते.”

“शेपट्या कोण तोडतं ते सांग.”

“तीच तोडतात, धनी. एकमेकांच्या.”

निःशंक हसला. “वराहशाळेला इतकी वर्षं झाली. आजवर कधी तोडल्या नाहीत, आणि नेमक्या याच महिन्यात तोडायला लागली?”

“आजवर माती होती,” पालित म्हणाला. “डुकराला नाक दिलंय ते उकरायला. दिवसभर ते उकरतं, हुंगतं, चावून बघतं. त्याचं कामच ते. इथं उकरायला काही नाही, अंग वळवायला जागा नाही. मग नाकासमोर जे लोंबतं ते तोंडात जातं. चावणाऱ्याच्या मनात वैर नसतं, धनी. चघळता चघळता दात लागतो. पण रक्ताची चव लागली की बाकीची धावतात. तुकडा तुम्हाला सापडत नाही, कारण तो कुणाच्या तरी पोटात असतो.”

“आणि ज्याची शेपटी चावली ते गप्प उभं राहतं?”

“ते शेपटी पायांत दाबून घेतं. चावायच्या आधीपासूनच दाबायला लागतं. तुम्ही तिला सरळ म्हणता, पण ती सरळ नाही. डुकरांनी शेपूट घातलंय. जिवाला स्वस्थ असलं की डुकराची शेपटी वर वळते.”

हे मात्र निःशंकाच्या वर्मी लागले. याच शेपट्या त्याने अमात्यांना मिरवून दाखवल्या होत्या. पालित म्हणतो ते खरे असेल तर अपराधी एकच उरत होता, म्हणून ते खरे असणे शक्यच नव्हते.

त्याने आवाज खाली आणला. “हे बघ, पालिता. मी काही राक्षस नाही. तू एकट्यानं हे करणार नाहीस, एवढं मला कळतं. मल्लक की वेणुका? एक नाव घे. नुसतं नाव घे आणि घरी जा.”

पालिताने आवाराकडे पाहिले. आवारातून डुकरांचा घुरघुराट येत होता.

“तुम्हाला तुमच्या हाताचं भय वाटतंय, हे मला दिसतंय,” तो म्हणाला. “मलाही माझ्या हाताचं वाटतं. पण मी नाव घेतलं तर त्यांचा हात जाईल, आणि शेपट्या तर उद्याही तुटतील. मग तुम्ही आणखी एक नाव विचाराल.”

निःशंकाने त्याला गवताच्या कोठीत कोंडले, किल्ली कमरेला लावली आणि अमात्यांकडे जाऊन अपराधी सापडल्याचे सांगून टाकले. त्या दिवशी तो चार घास पोटभर जेवला.

दुसऱ्या सकाळी आवारात तीन शेपट्या तुटलेल्या होत्या.

कोठीचे कुलूप जसेच्या तसे होते. निःशंक फरशीवर मटकन बसला. पण संशयाला पाय फुटायला वेळ लागत नाही. याचे साथीदार आहेत, तो मनाशी म्हणाला. त्याने मल्लकाला आणि वेणुकेला फाटकाबाहेर काढले. त्या दिवशी डुकरांना खाणेपाणी त्याने स्वतः दिले, आवाराचे दार आतून लावून घेतले आणि हातात काठी घेऊन एका पालथ्या टोपल्यावर तो डुकरांमध्ये बसला. आता मुंगी जरी आत आली तरी ती त्याच्या नजरेखालून जाणार होती.

सूर्य वर आला. काही घडले नाही. डुकरे उभी होती, बसत होती, पुन्हा उभी राहत होती. एक डुक्कर भिंतीला नाक लावून वर-खाली, वर-खाली करीत होते. नाकाचे साल निघाले होते, तरी थांबत नव्हते. पाहायला काहीच नव्हते. फरशी, भिंत आणि वर आभाळाचा चौकोन. निःशंकाला कंटाळा आला. मग कंटाळ्याच्याही पलीकडचे काहीतरी आले, अंगात मुंग्या फिरल्यासारखे. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले, की मघापासून आपण उपरण्याची दशी तोंडात धरून चघळतो आहोत. त्याने ती बाहेर काढली. चार बोटे दशी कुरतडून गेली होती.

तो तिच्याकडे पाहतच होता, इतक्यात समोर एक ठिपक्यांची तरुण डुकरीण पुढच्या डुकराच्या मागे येऊन उभी राहिली. तिने त्याची लोंबती शेपटी नाकाने हलवली. पुन्हा हलवली. मग ती तोंडात घेऊन वासरू आचळ चोखते तशी चोखत राहिली. पुढचे डुक्कर अंग चोरून उभेच होते. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हते. मग दात लागला. डुक्कर किंचाळले, रक्त आले, आणि आवारातली सगळी नाके एकदम तिकडे वळली.

निःशंक ओरडत मध्ये घुसला. काठी कुठे पडली ते त्याला कळलेही नाही. त्या डुकराला दोन्ही हातांनी उचलून त्याने दाराबाहेर काढले, तेव्हा त्याचे धोतर रक्ताने भरले होते.

आता त्याला सगळे कळले होते. फरशी कोणी घातली, पेंढा कोणी बंद केला, दाटी कोणी केली, सगळे. जन्मात पहिल्यांदा त्याला दुसऱ्या कोणाचाही संशय येत नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

पण दार आतून बंद होते. पाहिले ते त्याने एकट्याने. पालिताचे नाव अमात्यांकडे गेलेले होते. काही करायचे नव्हते. फक्त गप्प बसायचे होते. धोतर धुवावे, दार लावावे, पौर्णिमेची वाट पाहावी. खोटे कशाला सांगू, दुपारपर्यंत निःशंकाने हेच ठरवले होते. कोठीकडे तो गेला तो पालिताला सोडायला नव्हे. शेपटीतले रक्त थांबत नव्हते आणि ते कसे थांबवावे हे त्याला येत नव्हते, म्हणून.

पालिताने त्याच्या धोतराकडे पाहिले आणि तो उभा राहिला. “कुणाचं? त्या आखूड कानाच्याचं ना? कालच त्याची शेपटी खाली होती. कडुलिंबाच्या पाण्यानं धुवा, हळद दाबा आणि त्याला वेगळं ठेवा. आणि जिनं चावलं तिलाही दोन दिवस वेगळं ठेवा, पण मारू नका. तिला उकरायला काहीतरी द्या.”

निःशंक दारातच उभा होता. “तू स्वतःबद्दल काहीच विचारलं नाहीस.”

“तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?” पालित म्हणाला. “मग आता विचारायचं काय राहिलं?”

हे तो टोमणा मारायला बोलला नव्हता. धन्याने पाहिले आहे, आता धनी खरे ते सांगेल, इतके साधे त्याने धरून घेतले होते. निःशंकावर आजवर कोणी असा विश्वास टाकला नव्हता. त्याने कोणाला टाकूही दिला नव्हता. त्याने चौकटीला हात टेकला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. खूप लाज वाटली त्याला. पण रडून झाल्यावर त्याने पहार आणली.

सहा दिवस उरले होते. पहिली फरशी निःशंकाने स्वतः उखडली. मल्लक आणि वेणुका फाटकाबाहेरून पाहत होती. आत यायला दोघेही तयार नव्हती. धन्याचा हा नवा डाव असेल, अशी दोघांची खात्री होती. तेव्हा पालित मधली मोठी फरशी दाखवून म्हणाला, “मल्लकदादा, हे टोक धरा. वेणुकाताई, तुम्ही ते. एकट्यानं उचलायची नाही ही.” दोघांनी एकमेकांकडे न बघता टोके धरली. पण जड दगड उचलायचा तर ‘हं, आता’ म्हणावेच लागते, आणि एकदा बोलणे सुरू झाले की गुडघ्याची चौकशीही होते.

भिंत एका बाजूने पाडून त्यांनी ते आवार डुकरांच्या जुन्या, चिखलाच्या आवाराला जोडले. पेंढ्याचे भारे सोडले, लव्हाळ्याची ढेकळे टाकली, चावायला जाड ओंडके टाकले. डुकरे आधी बिचकली. मग एकाने नाक मातीत घातले ते डोळ्यांपर्यंत. दोन दिवस झाले तरी शेपट्या खालीच होत्या आणि निःशंक दर घटकेला त्या पाहायला येई. तिसऱ्या दिवशी त्या आखूड कानाच्या डुकराने हळद लागलेला उरलासुरला तुकडा वर उचलला. निःशंकाने ‘ए, ए, बघा!’ अशी हाक मारली, ती अर्ध्या नगरीने ऐकली.

पौर्णिमेला राजा वराहशाळेत आला. बरोबर आटविकांचा वृद्ध राजा, अमात्य आणि परशू व लाकडी ठोकळा घेतलेला एक माणूस. चिखल पाहून अमात्यांनी डोके धरले. बारा डुकरांच्या शेपट्या अर्ध्या होत्या.

“अपराधी कुठे आहे?” राजाने विचारले. अमात्यांनी पालिताकडे बोट केले.

निःशंक पुढे आला. बोलण्याआधी त्याने लाकडी ठोकळ्यावर आपला उजवा हात ठेवला. आधी बोललो तर हात ठेवायचा धीर होणार नाही, अशी त्याला स्वतःबद्दल शंका होती. “महाराज, याच हातानं मी त्यांच्या पायांखालची माती काढली. माती गेली म्हणून ती एकमेकांना चावली. या माणसानं मला सांगितलं होतं. मी त्यालाच कोंडलं आणि त्याचं नाव खोटं सांगितलं.”

“म्हणजे अपराध दोन झाले,” राजा कठोरपणे म्हणाला. परशूवाल्याने उपरणे कमरेला खोचले.

“महाराज,” पालित म्हणाला, “त्या हाताची नखं बघा.”

राजाने पाहिले. नखे मुळापर्यंत फुटली होती.

“सहा दिवस हा हात दगड उपटतोय. चूक त्यानंच केली आणि निस्तरलीही त्यानंच. तो तोडलात, तर पुढं ज्याच्या हातून चूक होईल तो ती निस्तरायला बसणार नाही. दुसऱ्याचं नाव शोधायला धावेल. ही डुकरं तशीच चावत सुटली होती.”

राजा विचारात पडला. “पण संधी? अव्यंग डुकरं द्यायचं वचन आहे माझं.”

आटविकांचा म्हातारा राजा केव्हाच चिखलात उतरला होता. तो एका डुकराच्या कानामागे खाजवत होता. “आमच्या रानात निम्म्या डुकरांचे कान फाटके असतात,” तो म्हणाला. “तुटलेलं शेपूट आम्ही घेतो, घातलेलं घेत नाही. मागं भिंतीवरून दाखवलीत, तेव्हा सगळीच्या सगळी शेपूट घालून उभी होती. मला वाटलं, भ्यालेली जनावरं देऊन हा राजा आम्हाला काहीतरी सुचवतोय. आज मी नाही म्हणायलाच आलो होतो, आणि माझी माणसं पलीकडे धनुष्यं घेऊन बसली आहेत. आज एकाही डुकरानं शेपूट घातलेलं नाही. आता ती घरी जातील.”

सुयामाच्या कपाळावर घाम आला. त्याने परशूवाल्याला मागे जायची खूण केली. मग तो पालिताला म्हणाला, “आजपासून वराहशाळेचा अध्यक्ष तू. बरोबर एक गावही देतो.”

“अध्यक्ष आहेत, महाराज,” पालित म्हणाला. “आणि आता त्यांना डुक्कर कळतं. नवा माणूस आणलात तर पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल. मला द्यायचंच असेल तर एवढं द्या. आपल्या राज्यात कुठल्याही डुकराच्या नाकापुढची माती कुणी काढू नये. आणि जनावराची शेपटी खाली दिसली, तर माणसं धरण्याआधी आवार बघावं.”

राजाने तसे फर्मान काढले. निःशंकाचा स्वभाव काही एका पौर्णिमेत बदलला नाही. शंका त्याला पुढेही येत राहिल्या. फरक एवढाच झाला, की शंका आली की तो आधी आपण काय केले ते पाही, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबे.

ही कथा शास्त्याने, भिक्खूंच्या गुरूने, एका आम्रवनातल्या विहारात सांगितली. तिथे वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहायला, जमलेल्या भिक्खूंच्या पाण्याचा रांजण रोज सकाळी रिकामा सापडत असे. पाणी कोण सांडतो, यावरून पंधरा दिवस कुजबुज चालली होती. सुभग नावाच्या स्थविराने, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूने, शेवटी सीवक या नव्या भिक्खूला दोषी ठरवले, आणि त्याला विहारातून काढायचे ठरवून सगळे जमले होते. सीवक खाली मान घालून बसला होता.

कथा संपल्यावर शास्ता म्हणाला, “भिक्खूंनो, तो सुयाम राजा म्हणजे या विहाराचा दाता गृहपती. पौर्णिमेला आलेला तो वृद्ध राजा आज या वनाचा राखणदार आहे. मल्लक आणि वेणुका होती ती तुम्हीच, आपापली भिक्षापात्रे एकमेकांपासून झाकून बसणारी. पालित मीच होतो.” एवढे बोलून तो थांबला. निःशंकाचे नाव त्याने घेतले नाही.

मग सुभग स्थविर उठला. तो रांजणापाशी गेला आणि वाकून त्याने रांजणाच्या बुडाखाली हात घातला. बाहेर आला तो हात चिखलाने माखलेला होता. रांजणाला तळाशी केसाएवढी चीर होती. पंधरा दिवसांत तिथे कोणी वाकून पाहिले नव्हते.

“भंते,” तो म्हणाला, “तो निःशंक मी होतो.” आणि तसाच चिखलाच्या हाताने, वयाने आणि वर्षावासाने कितीतरी लहान असलेल्या सीवकापुढे त्याने गुडघे टेकले.

दुसऱ्याचे नाव घेऊन आपली सुटका होत असतानाही ते नाव न घेणे, आणि ज्याने आपले नाव घेतले त्याचाही हात वाचवणे, ही बोधिसत्त्वाची मैत्रीपारमिता, म्हणजे मैत्रीची पराकाष्ठा होय.